गिटार शिकताय? मग पिकिंग कधी सुरू करायचं?

"आधी सहा महिने कॉर्ड्स वाजव, पिकिंगचं मग बघू." नवी गिटार घेतलेल्या अनेकांना हा सल्ला मिळतो. तो ऐकू नका. पिकिंग पहिल्याच आठवड्यात सुरू करा.

आपल्या मिरजेच्या सतारीचंच बघा (हो, २०२४ मध्ये जीआय मिळालेली तीच). सतार शिकणारा सुरुवातीपासूनच बोटात मिजराब घालून 'दा' आणि 'रा' हे उलटसुलट आघात घोटतो. राग नंतर येतो. गिटारच्या पिकचंही तसंच आहे, एकदा खाली, एकदा वर. मेट्रोनोम ६० वर ठेवा, मोकळ्या तारेवर ठोक्याला एक आघात, रोज पाच मिनिटं. यात डाव्या हाताला काम नाही, त्यामुळे बोटंही दुखत नाहीत.

नुसतं खालीच मारायची सवय लागली, की वेग वाढवताना हात अडकतो. पाटसमध्ये घरी बसून यूट्यूबवरून शिकणाऱ्याला ही चूक दाखवणार कोण? म्हणून मोबाईलवर स्वतःच्या उजव्या हाताचा व्हिडिओ काढून बघा.

बोटांनी तारा छेडायचं फिंगरपिकिंग मात्र तीन-चार कॉर्ड्स न अडखळता बदलता आल्यावर. अंगठा जाड तारांना, पुढची तीन बोटं बारीक तारांना. आणि रील्समधलं ते सुसाट स्वीप पिकिंग? वर्षभर तरी फक्त लाईक करा.