वेग दारापर्यंत येतो, मग घरात हरवतो कुठे?

प्रतिनिधी

सायंकाळचे सात वाजले होते. पुण्यातील एका गृहनिर्माण संस्थेतील सदनिकेत अभियांत्रिकीच्या अखेरच्या वर्षात शिकणारी एक विद्यार्थिनी नोकरीची पहिलीच मुलाखत देत होती. संगणकाच्या पडद्यावरून विचारले जाणारे प्रश्न तिला ऐकू येत होते. तिची उत्तरे मात्र समोरच्यांपर्यंत तुटक तुटक पोहोचत होती. दहाव्या मिनिटाला चित्र गोठले आणि मुलाखत तिथेच संपली. दुसऱ्याच दिवशी तिच्या वडिलांनी १०० मेगाबिटची योजना सोडून ३०० मेगाबिटची महागडी योजना घेतली. पंधरा दिवसांनी दुसरी मुलाखत झाली. तेव्हाही चित्र गोठलेच.

प्रस्तुत प्रतिनिधीच्या शेजारच्या घरातील ही हकिगत असली, तरी आज ती घरोघरी घडते आहे. २०२० च्या टाळेबंदीत शाळा आणि कचेरी दोन्ही घरात आल्या, आणि इंटरनेट ही केवळ करमणुकीची सोय राहिली नाही. परीक्षा, मुलाखत, डॉक्टरांचा सल्ला, परदेशातील मुलांशी बोलणे, हे सारे त्या एका तारेवर अवलंबून असते. ती तार दगा देऊ लागली की आपण दोनच उपाय जाणतो. कंपनीला फोन करून त्रागा करायचा किंवा अधिक वेगाची योजना घ्यायची. प्रत्यक्षात पुष्कळदा दोष तारेत नसतोच. तो घराच्या चार भिंतींच्या आत असतो.

दोन वेगळ्या वाटा

इंटरनेट आणि वायफाय हे दोन शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो आणि गोंधळाची सुरुवात येथूनच होते. कंपनीच्या केंद्रापासून आपल्या दारापर्यंत फायबरने येते ते इंटरनेट. दारापासून शयनगृहातील संगणकापर्यंत रेडिओलहरींवरून जाते ते वायफाय. पहिली वाट कंपनीची, दुसरी आपली. पहिल्या वाटेवर कितीही रुंद रस्ता बांधला, तरी दुसरी वाट बोळासारखी अरुंद असेल, तर गर्दी बोळाच्या तोंडाशी होणारच.

भारतात ब्रॉडबँड कशाला म्हणावे, याची किमान मर्यादा २००४ च्या धोरणात २५६ किलोबिट होती. २०१३ मध्ये ती ५१२ किलोबिट आणि २०२३ मध्ये २ मेगाबिट झाली. शहरातील फायबरच्या योजना तर या किमान मर्यादेच्या कितीतरी पुढे गेल्या आहेत. चित्रासह संभाषणाला सामान्यतः पाच मेगाबिटही पुष्कळ होतात. म्हणजे १०० मेगाबिट असताना बोलणे तुटत असेल, तर उणीव वेगाची नसून दुसऱ्याच कशाची तरी आहे, हे ओळखले पाहिजे.

आधी निदान, मग औषध

निदानाला फारसे तांत्रिक ज्ञान लागत नाही. लागतो तो एक लॅपटॉप, एक लॅनची तार आणि थोडा वेळ. इतर सर्व उपकरणांचे वायफाय बंद करावे. लॅपटॉप तारेने थेट कंपनीच्या यंत्राला जोडावा आणि वेग मोजणाऱ्या एखाद्या संकेतस्थळावर वेग पाहावा. ही चाचणी सकाळी, रात्री नऊच्या सुमारास आणि मध्यरात्रीनंतर अशी तीनदा करावी. त्यानंतर तार काढून यंत्राशेजारी उभे राहून वायफायवर तीच चाचणी घ्यावी आणि शेवटी जिथे तक्रार आहे त्या खोलीत घ्यावी. सगळे आकडे कागदावर टिपून ठेवावेत.

हे आकडे बोलके असतात. तारेवरच वेग कमी असेल, किंवा केवळ रात्रीच घसरत असेल, तर प्रश्न कंपनीचा आहे. नवा राउटर आणून तो सुटणार नाही. तारेवर पूर्ण वेग, यंत्राशेजारीही चांगला, पण आतल्या खोलीत नगण्य असेल, तर दोष भिंतींचा आणि जागेचा. यंत्राशेजारीही वायफाय मंद असेल, तर यंत्रच जुने झाले आहे किंवा शेजाऱ्यांच्या लहरींची गर्दी आहे. तारेवर वेग नेमका ९४-९५ मेगाबिटवर अडत असेल, तर कुठेतरी १०० मेगाबिट क्षमतेचे पोर्ट आहे किंवा तारेच्या आठ धाग्यांपैकी चारच जोडले आहेत, असे बहुतेक वेळा खुशाल समजावे. ३०० मेगाबिटचे पैसे भरून वर्षानुवर्षे १०० वापरणारी घरे याच कारणाने असतात.

दोष कंपनीचा ठरला, तर तक्रार तोंडी न ठेवता तिचा नोंदणी क्रमांक घ्यावा. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१२ च्या नियमांनुसार तक्रार केंद्राकडून समाधान न झाल्यास कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे दाद मागता येते. तिथे आपण टिपलेले आकडे उपयोगी पडतात. फायबरच्या यंत्रावर ‘एलओएस’ लिहिलेला लाल दिवा लागला असेल, तर मात्र चाचणीचीही गरज नाही. प्रकाशाचा संकेतच घरापर्यंत पोहोचत नाही, असा त्याचा अर्थ होतो.

भिंती, आरसे आणि लहरी

घरातील वायफाय मुख्यतः २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन पट्ट्यांवर चालते. पहिला पट्टा दूरवर पोहोचतो, भिंतीतूनही बऱ्यापैकी पार होतो. पण त्यावर गर्दी फार. शेजारच्या दहा घरांचे राउटर, ब्लूटूथ आणि स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्ह हे सारे त्याच आसपास वावरतात. या पट्ट्यात एकमेकांत न मिसळणाऱ्या वाहिन्या तीनच मानल्या जातात, त्या म्हणजे १, ६ आणि ११. इमारतीत मात्र राउटर पन्नास असतात. दुसरा पट्टा वेगवान आणि मोकळा, पण भिंतीपुढे लवकर हार मानणारा.

सिमेंट काँक्रीटच्या भिंतीतील सळया, लोखंडी कपाट, पाण्याची टाकी, माशांचे काचपात्र हे सारे लहरींचे शत्रू होत. जुन्या वाड्यांतील हातभर जाडीच्या भिंतीही त्यांना सहजी वाट देत नाहीत. आरशामागच्या धातूच्या थरावरून तर लहरी प्रकाशाप्रमाणेच परत फिरतात. असे असूनही फायबर जोडणारा कर्मचारी यंत्र बसवतो ते मुख्य दाराजवळ, कारण तार तिथून आत येते. मग गृहसजावटीला बाधा येऊ नये म्हणून आपण ते चपलांच्या कपाटात किंवा दूरचित्रवाणी संचाच्या मागे दडवतो. दिवा कपाटात ठेवून खोलीत अंधार का, असे विचारण्यासारखेच हे आहे.

म्हणून पहिला उपाय फुकटचा. यंत्र घराच्या मध्याजवळ, उघड्यावर, छातीच्या किंवा डोक्याच्या उंचीवर ठेवावे. फायबरची तार स्वतः ओढू नये. ती काचेची असते आणि तीव्र वळण तिला सोसत नाही. ते यंत्र जागेवर ठेवून त्यातून कॅट ६ जातीची लॅनची तार दिवाणखान्यापर्यंत नेता येते आणि तिथे राउटर बसवता येतो. भिंतीतील विजेच्या नळीतून मात्र ही तार नेऊ नये. दूरध्वनीसाठी किंवा केबलसाठी वेगळी नळी असल्यास तिचा उपयोग करावा.

राउटर केव्हा बदलावा?

जागा बदलूनही भागत नसेल, तर राउटरचा विचार करावा. दुकानात खोक्यावर मोठमोठे आकडे असतात. ‘एएक्स १५००’ याचा अर्थ १५०० मेगाबिट वेग मिळेल असा नव्हे. ५ गिगाहर्ट्झवरील १२०१ आणि २.४ वरील ३०० या कागदोपत्री कमाल वेगांची ती ढोबळ बेरीज होय. आपला फोन सहसा एका वेळी एकाच पट्ट्यावर असतो आणि प्रत्यक्ष वेग कागदावरच्या वेगाहून बराच कमी असतो. अँटेनांच्या संख्येवरूनही पल्ला ठरत नाही. प्रक्षेपणाच्या शक्तीला कायद्याने मर्यादा आहे. शिवाय वायफाय हे दुतर्फी संभाषण आहे. राउटर कितीही मोठ्याने बोलला, तरी फोनचा क्षीण आवाज त्याला ऐकू आला नाही, तर संवाद होत नाही.

खरेदी करताना पाहावे ते असे. राउटर दोन्ही पट्ट्यांवर चालणारा असावा. त्याची सर्व पोर्ट गिगाबिट क्षमतेची असावीत. तो किमान वायफाय ६ पिढीचा असावा. वायफाय ४, ५, ६ ही सुटसुटीत नावे २०१८ मध्ये रूढ करण्यात आली. त्यांतील सहाव्या पिढीचे वैशिष्ट्य केवळ वेगात नाही. पूर्वी प्रत्येक उपकरणाच्या छोट्या निरोपासाठीही संपूर्ण वाहिनी अडवली जाई. आता एकाच टेम्पोत अनेकांची गाठोडी घालावीत, तसे अनेक उपकरणांचे निरोप एकत्र जातात. घरात पंधरा-वीस उपकरणे असतील, तर हा फरक जाणवतो. मात्र त्यासाठी ती उपकरणेही त्याच पिढीची हवीत.

वायफाय ७ च्या जाहिराती आता दिसतात. त्यातील मोठे आकर्षण ६ गिगाहर्ट्झच्या नव्या पट्ट्याचे आहे. या पट्ट्याचा खालचा भाग परवानामुक्त करण्याच्या नियमांचा मसुदा केंद्र सरकारने मे २०२५ मध्ये प्रसिद्ध केला. तथापि हा पट्टा भिंतीपुढे ५ गिगाहर्ट्झहूनही दुबळा असतो. दोन खोल्यांपलीकडे वायफाय पोहोचत नाही, या तक्रारीवर तो उतारा नव्हे.

रांगेतला तिढा

वेग भरपूर, खोलीत वायफायही उत्तम, तरीही घरातील कोणी मोठी फाइल पाठवू लागताच बोलणे तुटते, असा अनुभव अनेकांना येतो. यामागे ‘बफरब्लोट’ नावाचा दोष असतो. संगणकतज्ज्ञ जिम गेटिस यांनी २०१० च्या सुमारास त्याकडे लक्ष वेधले. शिधावाटप दुकानाच्या रांगेची कल्पना करावी. पुढचा माणूस दहा पोती धान्य घेतो आहे आणि मागच्याला फक्त काड्यापेटी हवी आहे. काड्यापेटीवाल्यालाही तासभर ताटकळावे लागते. फोनमधील हजार छायाचित्रे साठवणीसाठी निघाली, म्हणजे ती दहा पोती. आपल्या बोलण्याचा एकेक शब्द म्हणजे काड्यापेटी. अपलोडचा वेग डाउनलोडपेक्षा बराच कमी असलेल्या योजनांत हे हमखास घडते.

कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये ‘कोडेल’ नावाची रीत मांडली. पाकीट रांगेत किती वेळ थांबले, हे पाहून ती रांगेला आवर घालते. तिच्याच आधारे पुढे आलेल्या रीतीत मोठ्या ग्राहकांसाठी छोट्यांची वाट अडत नाही. चांगल्या राउटरमध्ये ही सोय ‘एसक्यूएम’ या नावाने असते. ‘क्यूओएस’ नावाच्या सोयीतही कधी कधी हेच तंत्र असते. ती सुरू करून वेगाची मर्यादा प्रत्यक्ष वेगाच्या नव्वद टक्क्यांच्या आसपास ठेवली, की रांग कंपनीच्या यंत्रात न साचता आपल्या ताब्यात राहते. थोडा वेग सोडून देऊन स्थैर्य मिळवण्याचा हा व्यवहार आहे.

एकाने भागत नसेल तर

मोठ्या किंवा दुमजली घराला एक राउटर पुरत नाही. स्वस्तातला रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि पुन्हा बोलतो; त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो. शिवाय तो मृतप्राय संकेताच्या जागी बसवला, तर दुबळा संकेतच पुढे पाठवतो. मेश पद्धतीत अनेक ठाणी एकाच नावाने काम करतात आणि फोन एकाकडून दुसऱ्याकडे सोपवला जातो. ही ठाणी एकमेकांना तारेने जोडली, तर सर्वोत्तम. ते अशक्य असेल, तर त्यांच्यात एखाद-दुसऱ्या भिंतीपेक्षा अधिक अडथळा नसावा. कंपनीच्या यंत्रापुढे नवा राउटर जोडताना दोघांनीही राउटरचे काम करू नये. नव्याला ‘ॲक्सेस पॉइंट’ करावे किंवा कंपनीला सांगून जुन्याला ‘ब्रिज’ करून घ्यावे. जुन्याचे वायफायही बंद करावे.

दोन गोष्टी विसरू नयेत. पहिली, सुरक्षितता. २०१६ मध्ये ‘मिराई’ या घातक प्रणालीने कारखान्यातील मूळ पासवर्ड तसाच ठेवलेले कॅमेरे आणि राउटर लाखोंच्या संख्येने ताब्यात घेतले होते. म्हणून राउटरचा मूळ पासवर्ड बदलावा, शक्य तिथे ‘डब्ल्यूपीए ३’ निवडावे आणि प्रणाली अद्ययावत ठेवावी. दुसरी, वीज. दिवे गेले की राउटरही जातो. फायबरचे यंत्र आणि राउटर दोघांनाही वीज देणारा छोटा यूपीएस घेतल्यास बाहेरची जोडणी सुरू असेपर्यंत काम थांबत नाही. अडॅप्टरवरील व्होल्ट आणि अँपिअर जुळतात का, तेवढे पाहावे.

आता त्या शेजाऱ्यांची गोष्ट. त्यांचे यंत्र दाराजवळच्या चपलांच्या कपाटात होते आणि कपाटाच्या दाराला आतबाहेर पाहण्यासाठी पूर्ण उंचीचा आरसा होता. तारेवर चाचणी घेतली, तेव्हा पूर्ण ३०० मेगाबिट मिळाले. मुलीच्या खोलीत जेमतेम सहा. लॅनची तार दिवाणखान्यात आणून उघड्यावर राउटर ठेवल्यावर खोलीतील वेग सुधारला. तरीही संध्याकाळी बोलणे अधूनमधून तुटतच होते. वडील कचेरीतून परतले, की त्यांच्या फोनमधील दिवसभराची छायाचित्रे आपोआप वर चढू लागत, हे तेव्हा ध्यानात आले. रांग नियंत्रित करणारा राउटर घेतल्यावर तोही त्रास संपला. पुढच्या महिन्यात वडिलांनी योजना पुन्हा १०० मेगाबिटवर आणली; राउटरची किंमत त्या बचतीतून हळूहळू भरून निघेल, असा त्यांचा हिशेब आहे.

तिसरी मुलाखत पाऊण तास चालली. नोकरीचा निर्णय अजून यायचा आहे. तो तिच्या उत्तरांवर ठरेल. या खेपेस ती पूर्ण ऐकली तरी गेली.