संधिवाताच्या ओपीडीचा दिवस

पहाटे ४.००
गाडी साडेसहाची, पण उठावं लागतं आत्ताच. बोटं मोकळी व्हायला दीड तास जातो. मूठ वळत नाही, नळाची तोटी फिरत नाही. कोमट पाण्यात हात बुडवून बसते. साडीच्या निऱ्या सूनबाई घालून देते. वहीत नोंद करते: ताठरपणा, ९० मिनिटं.

सकाळी ६.३०
साताऱ्याहून पुण्याची एसटी, सोबत मुलगा. बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून मी तारीख चुकवलेली नाही. पिशवीत फाईल आहे. रक्त परवाच गावातल्या लॅबमध्ये दिलं. संधिवातावरचं मेथोट्रेक्सेट चालू असलं की यकृत, मूत्रपिंडं आणि रक्तपेशी दर दोन-तीन महिन्यांनी तपासाव्याच लागतात.

सकाळी १०.००
केसपेपर काढून रांगेत बसलो. शेजारी तिशीतली मुलगी, दोन्ही मनगटं सुजलेली. आधी हाडांचे डॉक्टर, मग मालिश, मग कुणीतरी दिलेल्या पुड्या. “पुडीनं दोन दिवसांत उतार पडायचा, मावशी.” असल्या पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं सापडतं. दुखणं दबतं, सांधा आतून झिजत राहतो. पहिल्या काही महिन्यांत योग्य औषध मिळालं तर सांधे वाचतात. तिचे ते महिने दारं ठोठावण्यात गेले.

दुपारी १२.३०
डॉक्टर २८ सांधे दाबून बघतात: खांदे, कोपरं, मनगटं, हातांची बोटं, गुडघे. पावलं या मोजणीत येत नाहीत, म्हणून तळपायांचं मी आपणहून सांगते. एव्हाना माझी मूठ वळायला लागलेली असते. पहाटेचा हात डॉक्टरांच्या नजरेस पडतच नाही. म्हणून वही पुढे करते. गेल्या खेपेला ४० मिनिटं होती, आता ९०. ते वाचून त्यांनी डोस वाढवला.

दुपारी २.००
औषधांची खिडकी. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं, चुकून रोज घेतलं तर जिवावर बेततं. फार्मासिस्टताईंनी पाकिटावर लाल पेनानं ‘फक्त रविवार’ लिहून दिलं. फॉलिक ॲसिड दुसऱ्या दिवशी.

संध्याकाळी ४.३०
परतीची एसटी. दहा मिनिटांच्या तपासणीपायी माझा सगळा दिवस आणि मुलाचा एक खाडा. ज्यांचे हात सकाळी चालत नाहीत, त्यांची ओपीडी दुपारी भरावी. संधिवाताचे डॉक्टर आठवड्यातून एकदा तरी जिल्हा रुग्णालयात यावेत. सांधे सुजलेत आणि सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाहून जास्त टिकतोय, असं दिसताच गावातल्या डॉक्टरांनी पुढची चिठ्ठी द्यावी.

रात्री ९.००
त्या मुलीचा फोन. तिलाही मेथोट्रेक्सेटचीच गोळी सुरू झालीय. लग्नाला वर्ष झालंय, घरात बाळाचा विषय चालू आहे. गोळी चालू असताना दिवस राहिले तर गर्भाला धोका असतो. गोळी लिहून देताना हे बोलणं व्हायलाच हवं होतं. पण रांग मोठी होती, तिला संकोच वाटला, विषय राहून गेला. तिला म्हटलं, “पुढच्या तारखेपर्यंत थांबू नकोस. उद्याच फोन लावून डॉक्टरांना सगळं सांग, रविवारची गोळी घेण्याआधी.”