छत्तीसपैकी आठ

माझी मधली आत्या काविळीनं गेली तेव्हा मी चौथीत होतो. १९७६चा पावसाळा. ती बाळंतपणासाठी माहेरी आली होती, आठवा महिना होता. घरात आजोबा, काका आणि ती अशा तिघांना कावीळ झाली. आजोबा आणि काका महिन्याभरात उठून कामाला लागले. आत्याच्या डोक्यावर कावीळ उतरवायची माळ घातली होती; ती सरकत गळ्यापर्यंत आली, तेव्हा सगळ्यांना हायसं वाटलं. चौथ्या दिवशी ती बरळू लागली, मग माणसं ओळखेना. तालुक्याला नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं. आजी पुढे कितीतरी वर्षं म्हणायची, ‘पथ्य पाळलं नाही तिनं. चोरून तळलेलं खाल्लं.’

एकाच विहिरीचं पाणी पिणाऱ्या तिघांतून तीच का गेली, याचा उलगडा मला फार उशिरा झाला, तोही एका काश्मिरी डॉक्टरच्या निबंधातून.

डॉ. मोहम्मद सुलतान खुरू हे श्रीनगरचे पोटविकारतज्ज्ञ. १९७८च्या नोव्हेंबरात काश्मीर खोऱ्यात काविळीची मोठी साथ आली. दवाखान्यात बसून साथ मोजली तर अत्यवस्थ रोगीच दिसतात. घरच्या घरी बरे झालेले हिशेबातच येत नाहीत. खुरूंनी आजारी माणसांबरोबर त्याच वस्तीतली धडधाकट माणसंही मोजली, आणि गरोदर स्त्रियांचा हिशेब वेगळा मांडला. १९८१ साली प्रसिद्ध झालेले ते आकडे असे: २०८ गरोदर स्त्रियांपैकी ३६ जणींना कावीळ झाली, म्हणजे शंभरात सतरा. गरोदर नसलेल्या स्त्रियांत आणि पुरुषांत हे प्रमाण शंभरात दोन-तीन होतं. त्या ३६ जणींपैकी आठ जणींचं यकृत झपाट्यानं निकामी झालं. गरोदर नसलेल्या ७१ आजारी स्त्रियांत असं एकीचंही झालं नाही. १०७ पुरुषांत तिघांचं झालं. शेवटच्या तीन महिन्यांत धोका सर्वांत जास्त.

हा तक्ता मी पहिल्यांदा वाचला तेव्हा पुढचं पान उलटायला बराच वेळ लागला.

खुरूंनी आणखी एक गोष्ट दाखवली. दूषित पाण्यातून पसरणारी कावीळ म्हणजे ‘ए’ प्रकारची, असा तेव्हाचा समज. पण ‘ए’ गरोदरपणात अशी उलटत नाही, आणि या रोग्यांच्या रक्तात ताज्या ‘ए’ची खूण मिळत नव्हती. म्हणजे विषाणू वेगळाच होता. त्याच सुमारास पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत डॉ. खोर्शेद पावरी आणि त्यांचे सहकारी अमेरिकी संशोधकांबरोबर याच निष्कर्षाला आले होते. त्यांनी तपासलेल्या नमुन्यांत दिल्लीच्या १९५५-५६च्या साथीचं जपून ठेवलेलं सीरमही होतं. त्या वेळी यमुनेचा प्रवाह बदलून नजफगढ नाल्याची घाण शहराच्या पाण्यात शिरली आणि सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली होती. गरोदर बायका जास्त दगावल्याची नोंद तेव्हाही झाली होती. नोंद होती, पण तिचा अर्थ लावायला पंचवीस वर्षं गेली.

विषाणू डोळ्यांना दिसला तो १९८३ साली. सोव्हिएत शास्त्रज्ञ मिखाईल बालायान यांनी रोगी सैनिकांच्या विष्ठेचा गाळलेला अर्क स्वतः प्यायला, आजारी पडले, आणि स्वतःच्याच विष्ठेत तो विषाणू पाहिला. (धाडस म्हणावं की अविचार, मी ठरवू शकलेलो नाही.) १९९०मध्ये त्याची जनुकीय ओळख पटली आणि ‘हिपॅटायटिस ई’ हे नाव रूढ झालं.

गरोदरपणातच तो इतका का उलटतो, यावर अजून एकमत नाही. पोटातलं मूल ‘परकं’ ठरू नये म्हणून आईच्या प्रतिकारशक्तीचा तोल बदलतो, संप्रेरकांची पातळी अनेक पटींनी वाढते. संशोधकांचा रोख तिकडे आहे. बाळही सुटत नाही. खुरूंनीच १९९५ साली, शेवटच्या तिमाहीत ‘ई’ची लागण झालेल्या आयांची आठ बाळं तपासली, तर पाचांच्या रक्तात जन्मतःच विषाणूचे अंश होते.

या आजारावर चीनमध्ये २०११ साली लशीला मान्यता मिळाली. साथ आटोक्यात आणण्यासाठी ती प्रथम वापरली गेली २०२२ साली, दक्षिण सुदानमधल्या बेंटिऊच्या निर्वासित छावणीत, आणि तिथे गरोदर स्त्रियांनाही ती दिली गेली. मधली अकरा वर्षं मला खटकतात. मरणाऱ्या बायका गरीब देशांतल्या नसत्या, तर इतका वेळ लागला असता का?

दूषित पाणी पोटात गेल्यापासून डोळे पिवळे होईपर्यंत दोन ते आठ आठवडे जातात. तोवर पाणी निवळलेलं असतं आणि माणसं दोष शोधतात तो कालच्या जेवणात. गेल्या वर्षी काकांना मी हे सांगितलं. ते आता ऐंशीला टेकलेत. बराच वेळ गप्प राहून म्हणाले, ‘त्या वर्षी आषाढाच्या पहिल्या पुरात ओढा विहिरीत शिरला होता. दोन दिवस पाणी गढूळ होतं, मग निवळलं म्हणून आपण प्यायलो. ताई गेली नारळी पौर्णिमेच्या आगेमागे.’ मग त्यांनी बोटांवर आठवडे मोजले.