एकवीस पत्री आणि सज्जातील कुंड्या

भाद्रपद शुद्ध चतुर्थी समीप आली की रत्नागिरीच्या राम आळीत पत्रीच्या जुड्या दिसू लागतात. त्या हिरव्या जुडीत एकवीस प्रकारची पाने आहेत असे विकणारा सांगतो, घेणारा मानतो. जुडी सोडून पाने मोजण्याचे कष्ट सहसा कोणी घेत नाही. चाळीस वर्षे कीर्तने केली, पूजा सांगितल्या, तरी मीही ते घेतले नव्हते, हे प्रारंभीच कबूल केलेले बरे.

गतवर्षीची गोष्ट. चिरंजीवांच्या सदनिकेत गणपती बसला होता. विष्णुक्रांतेचे नाव आले तसे मी नातीला म्हटले, "बाळ, सज्जातल्या गोकर्णाचे एक पान आण." ती वेल तिनेच लावलेली. तिच्या फुलांचा निळा चहा करण्याची सध्या टूम आहे. पान हाती देत ती म्हणाली, "आजोबा, हा तर गोकर्ण. मग ही विष्णुक्रांता कशी?" मी अमरकोशाचा आधार दिला. गिरिकर्णी, अपराजिता आणि विष्णुक्रांता ही अमरसिंहाने एकाच वनस्पतीची नावे म्हणून दिली आहेत, आणि गिरिकर्णी म्हणजे आपला गोकर्ण. नात गप्प बसली. मला समाधान वाटले.

ते समाधान दोन दिवसच टिकले. गौरीसाठी तेरडा आणायला बाजारात गेलो असता पत्री विकणाऱ्या एका वृद्ध बाईंना सहज विचारले. त्या हसल्या. "बुवा, गोकर्ण चढतो, विष्णुक्रांता जमिनीसरपट असते. सड्यावर बघा, निळं फूल, टिकलीएवढं." टोपलीच्या तळातून त्यांनी एक काडी काढून दाखवली. पुढे वैद्यमित्रांना विचारता तेही म्हणाले, महाराष्ट्रात पत्रीसाठी विष्णुक्रांता म्हणतात ती हीच. कोशाप्रमाणे मी चुकलो नव्हतो, पण ज्या सड्याच्या पायथ्याशी जन्म काढला त्याच्यावरची वनस्पती मला ठाऊक नव्हती.

पूर्वरंग लांबला. मूळ विषय असा की पूर्वी हे ज्ञान परसातच मिळे. न्हाणीच्या पाण्यावर केळी, कर्दळ, अळू पोसले जात. गडग्यालगत कण्हेर, मांडवावर जाई, कोपऱ्यात बेल. आघाडा आणि माका तर पावसाबरोबर आपणहून येत. "जा, आघाडा घेऊन ये," असे म्हटले की आठ वर्षांचे पोर तो ओळखून आणी. आज परस गेले आणि सज्जा राहिला. तो मात्र ओसाड नाही, हे मी आनंदाने नमूद करतो. घरोघरी कुंड्या आहेत. त्यांत मनीप्लांट, स्नेक प्लांट, झेडझेड आणि लकी बांबू दिसतात. यांतला शेवटचा तर बांबूच नव्हे.

ही झाडे घरातील हवा शुद्ध करतात म्हणून ती घेतली जातात. या समजाचे मूळ अमेरिकेतील नासा या संस्थेने 1989 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत आहे. ते प्रयोग लहानशा बंद पेट्यांत झाले होते. 2019 साली दोन अमेरिकन संशोधकांनी अशा अनेक प्रयोगांची फेरतपासणी केली. घरात एरवी खेळणाऱ्या वाऱ्याइतके काम झाडांकडून करून घ्यायचे, तर प्रत्येक चौरस मीटरला निदान दहा आणि प्रसंगी हजार झाडे लागतील, असा त्यांचा निष्कर्ष. त्यापेक्षा खिडकी उघडावी. आपल्या तुळशीविषयीही, ती रात्रंदिवस प्राणवायू सोडते, असे प्रवचनांतूनसुद्धा सांगितले जाते. ते खरे नाही. प्रकाशावाचून कोणतेच झाड प्राणवायू देत नाही. तुळशीचे माहात्म्य अशा खोट्या दाखल्यावर उभे नाही, तेव्हा तो देण्याची गरजही नाही.

तुळस जगत नाही, ही तक्रार मात्र मी घरोघरी ऐकतो. बहुधा ती भक्तीनेच मरते. रोज तांब्याभर पाणी, त्यात दूध, वर हळदकुंकू आणि मातीत खोचलेली उदबत्ती. एवढे सोसून ती कशी जगावी? जुने वृंदावन जांभ्या दगडाचे आणि उंच असे; पाणी खाली निचरून जाई. प्लास्टिकच्या कुंडीत ते साचते आणि मुळे कुजतात. बोटाचे एक पेर मातीत घालून पाहावे. ओल लागली तर पूजेचे पाणी पळीभरच घालावे. उदबत्ती वेगळ्या घरात लावावी. आषाढ-श्रावणात कुंडी वळचणीच्या धारेतून हलवावी, पण उन्हापासून तोडू नये. दिवाणखान्यातली तुळस झुरते. मंजिरी वेळच्या वेळी खुडाव्यात, बी धरले की झाड लवकर म्हातारे होते. खुडलेल्या मंजिऱ्या विष्णूला प्रियच आहेत. गणपतीला एरवी वर्ज्य असलेली तुळस या चतुर्थीला पत्रीत येते, तेव्हा त्या दिवशी तरी ती आपल्या कुंडीतली असावी.

माती हाही प्रश्न आहे. आपली जांभ्याची लाल माती पाणी धरत नाही आणि कसदारही नाही. तीत तितकेच मुरलेले शेणखत आणि तितकाच नारळाच्या सोडणाचा भुसा मिसळावा. हाच भुसा कोकोपीट या नावाने विटांच्या आकारात विकत मिळतो. त्यात पुष्कळदा क्षार असतात, म्हणून दोन-तीन पाण्यांनी धुवून घ्यावा. खतासाठी अलीकडे कुणपजलाचा बोलबाला आहे. सुरपालाच्या 'वृक्षायुर्वेद' या ग्रंथाची पोथी ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे; डॉ. नलिनी साधले यांनी केलेले तिचे इंग्रजी भाषांतर 1996 साली प्रसिद्ध झाले आणि हे नाव पुन्हा लोकांच्या तोंडी आले. मुळातले कुणपजल मांस आणि चरबी यांचे आहे, हे सांगितल्यावर काही सोवळी मंडळी दचकतात. त्यांनी पाल्याचे हरित कुणपजल करावे. अथवा त्याहून सोपे म्हणजे गणपतीचे निर्मल्य खाडीत न सोडता, दोरे आणि प्लास्टिक काढून, मातीच्या थरांत कुजवावे.

एकवीसही पत्री सज्जात होणार नाहीत. देवदार हिमालयातला, शमी कोरड्या मुलखातली. आपल्या तीन हजार मिलिमीटर पावसात तिचे चित्त लागत नाही. अर्जुन आणि पिंपळ कुंडीत कोंडणे हा त्यांच्यावर अन्यायच. जे नाही त्याच्या जागी अक्षता वाहण्याची मुभा परंपरेनेच दिली आहे. परंतु तुळस, मरवा, माका, आघाडा, जाई, डाळिंब ही कुंडीत सहज होतात. दूर्वेची पेऱ्यांची कांडी उथळ, पसरट कुंडीत भरपूर उन्हात लावली की वर्षभर जुड्या निघतात. वारंवार खुडल्याने ती दाट होते. कण्हेर, धोतरा आणि रुई मात्र लहान मुलांच्या हाती लागू देऊ नयेत. पहिली दोन्ही सर्वांगी विषारी आहेत, आणि रुईचा चीक डोळ्यांत गेला तर दृष्टीला अपाय होतो. मंडपीला बांधतात त्या कळलावीविषयीही तीच सावधगिरी.

सड्यावरून विष्णुक्रांता मुळासकट उपटून आणू नये, असे त्या बाईंनी बजावले होते. नातीने पिकलेले बी तेवढे आणले. यंदा तिच्या सज्जात नऊ पत्री आहेत आणि प्रत्येक कुंडीवर तिने संस्कृत व मराठी नावाची चिठ्ठी लावली आहे. दहाव्या कुंडीवरही चिठ्ठी आहे, पण बी अद्याप उगवलेले नाही. तेव्हा या चतुर्थीलाही विष्णुक्रांतेच्या नावाने गोकर्णाचेच पान वाहावे लागणार. अमरसिंहाची संमती आहेच.