वनस्पती प्रकाशयोजनेतील टाइमर आणि विद्युत परिपथ

वनस्पती प्रकाशयोजनेतील टाइमर हे बंदिस्त जागेत रोपे वाढविण्यासाठी लावलेले दिवे ठरावीक वेळी आपोआप चालू व बंद करणारे उपकरण होय. त्याची निवड वनस्पतीची अंधाराची गरज आणि परिपथावरील विद्युतभार या दोन बाबींवर अवलंबून असते.

== पार्श्वभूमी ==
अमेरिकेच्या कृषी विभागातील गार्नर व ॲलर्ड यांनी १९२० मध्ये दिवसाच्या लांबीचा फुलोऱ्याशी असलेला संबंध मांडला. अखंड रात्रीची लांबी ही त्यातील निर्णायक बाब असल्याचे हॅम्नर व बॉनर यांच्या १९३८ मधील प्रयोगांतून दिसून आले. शेवंती मोठ्या रात्री असताना फुलते. मध्यरात्री प्रकाश मिळाल्यास तिचा फुलोरा लांबतो. याउलट पालक मोठ्या दिवसांत लवकर फुलावर येतो.

== टाइमरचे प्रकार ==
यांत्रिक टाइमरची तबकडी वीजपुरवठ्यावर चालणाऱ्या मोटरने फिरते. त्यात सहसा १५ मिनिटांच्या टप्प्यांत वेळ लावता येते. वीज गेल्यास तबकडी थांबते आणि तेवढाच काळ मागे पडते. उदाहरणार्थ, खिडकीजवळच्या रोपांवरील दिवा सकाळी ६ ते सायंकाळी ६ असा लावला असेल, तर दोन तासांच्या भारनियमनानंतर तो ८ ते ८ असा चालतो. पहाटेचा प्रकाश मात्र नेहमीच्याच वेळी येत असल्याने १२ तासांची रात्र १० तासांवर येते. तबकडी पुन्हा जुळवेपर्यंत हा फरक कायम राहतो.

अंतर्गत बॅटरी असलेल्या डिजिटल टाइमरचे घड्याळ वीज नसतानाही चालू राहते. त्यामुळे वारंवार वीज जाणाऱ्या भागात तो अधिक योग्य ठरतो.

== विद्युतभाराची गणना ==
भारतात घरगुती पुरवठा २३० व्होल्टचा असून सॉकेट ६ व १६ अँपिअरचे असतात. ३०० वॉटचे चार दिवे, शक्तिगुणक ०.९ धरल्यास, सुमारे ५.८ अँपिअर प्रवाह घेतात. दिवे सलग अनेक तास चालत असल्याने क्षमतेच्या ८० टक्क्यांपर्यंतच भार ठेवणे हितावह असते. अमेरिकी विद्युत संहितेत तीन तास किंवा अधिक काळ चालणाऱ्या भारासाठी असाच निकष आहे. या हिशेबाने ६ अँपिअरच्या सॉकेटवर ४.८ अँपिअरच भार देता येतो. वरील दिव्यांसाठी १६ अँपिअरचा परिपथ लागतो.

टाइमरवर छापलेली क्षमता बहुधा हीटरसारख्या रोधी भारासाठी असते. एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर चालू होताना क्षणभर नेहमीच्या कित्येक पट प्रवाह घेतात. त्यामुळे टाइमरमधील रिलेचे संपर्कबिंदू चिकटून दिवे रात्रभर चालू राहू शकतात. मोठ्या मांडणीत टाइमरने केवळ कॉन्टॅक्टरची कॉइल चालविली जाते आणि दिव्यांचा प्रवाह कॉन्टॅक्टरमधून जातो.

== सुरक्षितता ==
एमसीबी तारेचे अतिभारापासून रक्षण करते, माणसाचे विजेच्या धक्क्यापासून नव्हे. त्यासाठी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी व योग्य अर्थिंग आवश्यक असते. एमसीबी वारंवार पडत असल्यास तार न बदलता अधिक क्षमतेची एमसीबी बसविणे आगीला कारण ठरू शकते. टाइमर व सॉकेट कुंड्यांपेक्षा उंचावर, पाण्याच्या शिंतोड्यांपासून दूर बसवितात. दिव्याची वायर सॉकेटच्या खाली झोळ देऊन वर नेल्यास तिच्यावरून ओघळणारे पाणी सॉकेटमध्ये शिरत नाही.

== हे सुद्धा पहा ==
* दीप्तिकालिता
* हरितगृह