वटवाघूळ तोंडाने विष्ठा टाकते का?

वटवाघूळ उलटे लटकते, म्हणून ते तोंडानेच विष्ठा टाकते, असे वस्तीत आजही ऐकू येते. हे खरे नाही. भारत, श्रीलंका, नेपाळ, बांगलादेशात आढळणारे हे मोठे वटवाघूळ वड, पिंपळ, उंबर, आंबा, पेरू यांची फळे खाते. फळ तोंडात दाबून रस गिळते आणि उरलेला चोथा थुंकते. झाडाखाली पडलेला हा चोथाच लोकांना विष्ठा वाटतो. विष्ठा टाकताना मात्र ते अंगठ्यांच्या नख्यांनी फांदी धरून चक्क सुलटे होते! खाल्लेले बऱ्याचदा तासाभरातच बाहेर पडते. बारीक बिया पचत नाहीत, त्या रुजतात. भिंतीच्या फटीत उगवलेल्या पिंपळाचे, म्हणजे आपल्या बोधिवृक्षाचे बी असेच एखाद्या पाखराने किंवा वटवाघळाने आणलेले असते.

पण त्याच्या लाळेत, लघवीत निपाहचा विषाणू असू शकतो. केरळात २०१८ साली या आजाराने माणसे दगावली. पाखराने खाल्लेले फळ गोड म्हणून मुले उचलतात. दात लागलेले कोणतेच फळ खाऊ देऊ नका, असे आम्ही आयाबायांना सांगतो. पडलेल्या वटवाघळाला हात लावू नये. चावलेच तर जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवा आणि अंगाऱ्या-धुपाऱ्यात वेळ न घालवता सरकारी दवाखाना गाठा.