आघात, तापमान आणि निकेल सुपरअलॉयची विकृती

कोल्हापूर हे ओतकामाचे शहर आहे. शिवाजी उद्यमनगर, शिरोली व गोकुळ शिरगाव येथील फाउंड्रींत ओतलेले बीड घणाच्या घावाने तुटते, तर लालबुंद पोलाद घणाखाली मऊ पडते, हा येथील कारागिरांचा नित्याचा अनुभव. 'तापले की नरम' हा नियम निकेलवर आधारित सुपरअलॉयना मात्र सरसकट लागू पडत नाही. जेट इंजिनाच्या टर्बाइनची पाती व चकत्या या मिश्रधातूंच्या असतात. ४ नोव्हेंबर २०१० रोजी क्वांटासच्या ए-३८० विमानात तेलनळीच्या तड्यामुळे आग लागली, टर्बाइनची चकती फुटली आणि तिचे तुकडे पंख भेदून गेले. तुटलेले पाते इंजिनाच्या आवरणाने अडवावे, अशी अपेक्षा असते. चकतीचे तुकडे अडविणे आवरणाच्या आवाक्याबाहेरचे आहे. म्हणूनच तप्त धातू आघाताखाली कसा वागतो, हा प्रश्न केवळ पुस्तकी राहत नाही.

धातूची कायमची विकृती डिस्लोकेशन या रेषारूप दोषांच्या सरकण्यातून घडते. सुपरअलॉयमध्ये त्यांची वाट सूक्ष्म कण अडवितात. निकेल व अ‍ॅल्युमिनियम यांच्या गॅमा-प्राइम कणांत उष्णतेमुळे या दोषांचा काही भाग दुसऱ्या स्फटिकतलावर जाऊन अडकतो. परिणामी सुमारे ७०० ते ८०० अंश सेल्सिअसपर्यंत हे कण तापमानाबरोबर अधिक बळकट होतात. इन्कोनेल ७१८ मध्ये मुख्य भार नायोबियमयुक्त कणांवर असतो आणि सुमारे ६५० अंशांपुढे ते दीर्घकाळ टिकत नाहीत. आघात मात्र क्षणार्धात आटोपतो. तेवढ्यात कणांचे रूपांतर होऊ शकत नाही. म्हणून आघाताच्या क्षणीच्या तापमानाइतकेच, त्याआधी तो भाग किती तास तापलेला होता हेही महत्त्वाचे ठरते. प्रयोगाच्या नोंदीत हा तपशील गाळला, तर आकडे निरर्थक होतात.

आघातात आणखी एक उष्णता जन्मते. विकृतीसाठी खर्च झालेल्या कार्याचा बहुतांश भाग उष्णतेत रूपांतरित होतो आणि तिला पसरण्यास वेळ मिळत नाही. इन्कोनेल ७१८ मध्ये १४०० मेगापास्कल प्रतिबलाखाली ०.३ विकृती झाली, तर या हिशेबाने तापमान सुमारे १०० अंशांनी वाढते. विकृती एका अरुंद पट्टीत एकवटल्यास ही वाढ कितीतरी अधिक होते. पट्टी मऊ पडते, मऊ पडल्याने विकृती तेथेच वाढते आणि अखेर तडा जातो. लेथवर इन्कोनेल कापताना चिप करवतीच्या दात्यांसारखी का निघते, याचे एक प्रमुख कारण हेच.

अभियांत्रिकी महाविद्यालयांतील चार्पी यंत्र खाच पाडलेला नमुना तुटताना शोषलेली ऊर्जा सांगते. पोलाद थंडीत ठिसूळ होते ते या यंत्रावर स्पष्ट दिसते. निकेलची स्फटिकरचना निराळी असल्याने तेथे असा अचानक बदल आढळत नाही. परंतु एकाच आकड्यातून विकृतीचा वेग आणि तापमान यांचा वाटा वेगळा काढता येत नाही. त्यासाठी १९४९ मध्ये कोल्स्की यांनी विकसित केलेली दुभंग हॉपकिन्सन दांड्यांची पद्धत वापरतात. दोन लांब दांड्यांमधील छोटा नमुना प्रतिबल-तरंगाने दाबला जातो. नेहमीच्या संथ चाचणीच्या सुमारे दहा लाखपट विकृतीदर येथे मिळतो आणि नमुना भट्टीत तापवून वेगवेगळ्या तापमानांना वक्र काढता येतात.